षट्कोनी जाळी : शेजारी तपासायला बारा इफ-एल्स कशाला?

मधमाशी
पटावरच्या एका खेळाचा कोड वाचतोय. घराचे सहा शेजारी शोधायला सम ओळीसाठी सहा अटी, विषम ओळीसाठी निराळ्या सहा, शिवाय प्रत्येकीत ‘कडेबाहेर गेलो का’ची तपासणी. सगळं कशामुळे, तर ओळ-रकाना पद्धतीत एक आड एक ओळ अर्धं घर सरकलेली असते म्हणून. माझं स्पष्ट मत, ती पद्धतच सोडा. एक्सिअल निर्देशक घ्या, म्हणजे प्रत्येक घराला दोन आकडे: आर हा ओळीचा क्रमांक, क्यू हा तिरक्या रकान्याचा. सहा दिशा कुठल्याही घराला त्याच: (१,०), (१,−१), (०,−१), (−१,०), (−१,१), (०,१). एक यादी, एक लूप, विषय संपला.

जुनं_खोड
संपला कसला! २० बाय २० चा आयताकृती नकाशा एक्सिअलमध्ये तिरका होतो. क्यू −९ पासून १९ पर्यंत जातो. साध्या अ‍ॅरेत (म्हणजे सलग जागांच्या तक्त्यात) ४०० घरांसाठी ५८० जागा अडवणार. त्यापेक्षा ओळ-रकानाच ठेवा आणि बारा जोड्यांचं टेबल करा, ओळ सम की विषम हे तिच्या शेवटच्या बिटावरून ठरवा: टेबल[ओळ & १][दिशा]. लूप तुमच्याइतकाच. इफ-एल्स कुणीतरी लिहिले, त्याचं खापर पद्धतीवर का?

शून्यापासून
& १ लिहिलंत ते बरं केलंत. तिथे % २ (दोनाने भागून उरलेली बाकी) असतं तर सी किंवा जावात −१ % २ चं उत्तर −१ येतं. पायथॉनमध्ये १ येतं, त्यामुळे तिथे चाललेला कोड इकडे आणला की बोंब. आणि कडेची तपासणी नको असेल तर पटाभोवती मृत, म्हणजे खेळात न येणाऱ्या, घरांचं एक कडं घाला.

जुनं_खोड
कडं घाला, पण पटावरची घरं मोजताना ते वगळायचं कोण लक्षात ठेवणार?

टाइल्सवाली
दोघेही शेजारी ‘तपासण्यात’च अडकलात. अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड या प्रोग्रॅमिंग कोड्यांच्या वार्षिक मालिकेतलं २०२० चं २४ व्या दिवसाचं कोडं आठवा. षट्कोनी फरशा, काळीला शून्य किंवा दोनाहून जास्त काळे शेजारी असतील तर ती पांढरी, पांढरीला बरोबर दोन असतील तर ती काळी. तिथे उलटं करा. फक्त काळ्या फरशा सेटमध्ये (संचात) ठेवा आणि प्रत्येकीने आपल्या सहाही शेजाऱ्यांच्या खात्यात एकेक जमा करायचा. जिच्या खात्यात काहीच नाही ती फरशी आपोआप पांढरी. फरशी चहूकडे वाढत जाते, म्हणून कड नाही, अ‍ॅरे नाही. सेटला उणे क्यूचंही वावडं नाही.

मधमाशी
हे पटलं. बाकी खोडसाहेब, शेजाऱ्यांपुरतं तुमचं टेबल चालेल. पण दोन घरांतलं अंतर काढा बघू. एक्सिअलमध्ये क्यूचा फरक, आरचा फरक आणि त्या दोन फरकांची बेरीज, तिघांची चिन्हं काढून सर्वांत मोठी संख्या घ्यायची. बस. जागेचं म्हणाल तर प्रत्येक ओळ तिच्या सरकेइतकी मागे घेऊन ठेवा, ४०० च्या ४०० बसतात.

जुनं_खोड
म्हणजे साठवताना क्यूमध्ये ओळीच्या क्रमांकाचा अर्धा मिळवणार. त्यालाच आम्ही रकाना म्हणतो.