उजनीत नाव पूर्ण वेगाला बंद पडते : दोष टाकीत, पाइपात की कार्बोरेटरमध्ये?

प्रश्न (केत्तूर, ता. करमाळा) :
उजनीच्या फुगवट्यात मी मासेमारीसाठी आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी फायबरची नाव चालवतो. तिला १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. पावसाळाभर ती काठावर ओढून ठेवली होती. आता इंजिन दुसऱ्या दोरीला सुरू होते, संथ नीट चालते, परंतु पूर्ण रेस दिली की सात-आठ मिनिटांत दम टाकते. थोडे थांबल्यास पुन्हा चालू होते. प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. परवा पर्यटक बसलेले असताना वल्ह्यांवर काठ गाठावा लागला.

उत्तर (सोलापूर) :
कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडू नये. संथ गतीला पेट्रोल थोडेच लागत असल्याने अडथळा लपून राहतो. पूर्ण गतीला मात्र कार्बोरेटरची वाटी भरण्यापेक्षा लवकर रिकामी होते. इंजिन दम टाकत असताना टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपातला, हाताने दाबायचा रबरी फुगा पाहावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर दोष टाकीच्या बाजूला आहे : झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, जाळी चोंदली असेल किंवा पाइप मुडपला असेल. फुगा नुसता मऊ पडला असेल आणि दाबत राहिल्यावर इंजिन जोर धरत असेल, तर जोडणीतून हवा शिरते आहे किंवा इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे.

प्रश्नकर्ते :
फुगा अगदी चपटा होतो. स्क्रू उघडाच आहे, झाकण काढूनही तेच झाले.

उत्तर (भीमानगर) :
मग पाइपावर माझा संशय आहे, तो बाहेरून कितीही चांगला दिसो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या पाइपाचे आतले अस्तर सुटते. ओढ वाढली की तेच झडपेसारखे आडवे येते. शेजाऱ्याची टाकी आणि आपला पाइप, मग आपली टाकी आणि त्याचा पाइप, असे दोनदा चालवून पाहावे. हे काठाशी, पण इंजिनाचा पाय पाण्यात ठेवूनच करावे, नाहीतर पाण्याच्या पंपाची रबरी चकती जळेल. शिवाय टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवावे. खाली पाण्याचा थर दिसला, तर वरचे स्वच्छ दिसणारेही वापरू नये, कारण इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरलेले असते.

प्रश्नकर्ते :
पेट्रोल स्वच्छ निघाले. शेजाऱ्याची टाकी लावली तरी इंजिन बंद पडले, त्याचा पाइप लावताच पंचवीस मिनिटे पूर्ण रेसवर चालले. जुना पाइप उभा चिरला, तेव्हा फुग्याच्या वीतभर अलीकडे, टाकीच्या बाजूला, अस्तराची पापडी जिभेसारखी लोंबत होती. दोन वेळचे कार्बोरेटर सफाईचे पैसे मात्र उगाच गेले.