इस्लामिक बँकिंग : ‘बिनव्याजी’ हा शब्द बरोबर आहे का?

माझं मत : नाही. ‘बिनव्याजी’ म्हटलं की आपल्याला हातउसने आठवतात; घेतले तेवढेच परत. या बँकांत पैसे ठेवणाऱ्याला वाढ मिळू शकते. फक्त ती आधी ठरवून दिलेली नसते, धंद्यात जे सुटेल त्यातला वाटा असतो.

ही पद्धत उभी करणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे सौदीचे अमीर मोहम्मद बिन फैसल (१९३७–२०१७), राजे फैसल यांचे चिरंजीव. इथला ‘अमीर’ म्हणजे श्रीमंत नव्हे, राजपुत्र. आपल्या ‘अमीरउमराव’मध्ये त्या जुन्या अर्थाची खूण आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं सरकारी खातं त्यांनी सांभाळलं होतं, आणि अंटार्क्टिकाचे हिमनग ओढून अरबस्तानात आणायचा ध्यासही घेतला होता. हिमनग काही आले नाहीत. बँका मात्र उभ्या राहिल्या : १९७७ मध्ये इजिप्त आणि सुदानमध्ये फैसल इस्लामी बँक, १९८१ मध्ये ‘दार अल-माल अल-इस्लामी’ ही वित्तसंस्था. यातला ‘माल’ आपल्या मालमत्तेतलाच. ‘दार’ म्हणजे मात्र घर.

आता या बँकांतल्या वाट्याच्या व्यवहाराचा मुख्य शब्द, ‘मुदारबा’. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या प्रमाणात दोघांचा. याचा धातू ‘द-र-ब’, म्हणजे मारणे; त्यावरूनच ‘व्यापारासाठी मुलूख तुडवणे’ हा अर्थ आला. आपली ‘जरब’ त्याच धातूची.

हा व्यवहार आपल्या खेड्यांना नवा नाही. शेळी अर्धेलीने देतात ना, तोच. शेळी एकाची, चारणं-राखणं दुसऱ्याचं, करडं निम्मी निम्मी. राखणाऱ्याची कसूर नसताना शेळी मेली तर मालकाची शेळी गेली आणि राखणाऱ्याचे कष्ट गेले. मुदारब्यातही तोटा असाच पडतो : पैसा पैसेवाल्याचा बुडतो, मेहनत मेहनतवाल्याची. वाटा मात्र दर वेळी निम्माच नसतो, म्हणून मुदारब्याच्या ठेवीला मराठीत मी ‘अर्धेलीची ठेव’ न म्हणता ‘वाट्याची ठेव’ म्हणेन.

‘रिबा’ आणि ‘मुराबहा’ यांची गल्लत नको. रिबा म्हणजे मूळ अर्थाने वाढ; कर्जावर आधीच ठरवून घेतलेली अशी वाढ, म्हणजे व्याज, इस्लाममध्ये निषिद्ध. आपल्या ‘वाढीदिढी’तली वाढी अर्थाने तिच्या अगदी जवळची. मुराबहा वेगळ्या धातूचा, ‘रिब्ह’ म्हणजे नफा यावरून आलेला. बँक वस्तू स्वतः विकत घेते, खरेदीची किंमत आणि आपला नफा गिऱ्हाइकाला उघड सांगते आणि बहुधा हप्त्यांनी विकते. इथे वाटा नाही, विक्री आहे. म्हणून सगळ्या पद्धतीला ‘वाट्याची बँक’ म्हणणंही चुकेल. एकूण पद्धतीसाठी ‘इस्लामी बँकव्यवहार’च राहू द्यावा.

मुराबह्यासाठी मनाजोगता शब्द मला अजून सापडलेला नाही. ‘नफा सांगून उधार विक्री’ हे अर्थाने जमतं, पण फार लांबतं. सराफी किंवा आडतीच्या बोलीत यासाठी एखादा आटोपशीर शब्द कुणी ऐकला आहे का?