मदत हवी आहे: पोर्तुगीज भाषक नणंदेला इंग्रजी विशेषणं कशी शिकवू?

तेजोकाठची:
नणंदेची परीक्षा तोंडावर आली आहे आणि विशेषणांपाशी सगळं अडलंय. मी तिला अवघड विशेषणांची यादी दिली. मेटिक्युलस, टेनेशस, इफेमरल, युबिक्विटस वगैरे. एका बैठकीत पाठ! पण निबंधात 'डिफरंट्स आयडियाज', 'व्हेरी एक्झॉस्टेड'. मैत्रीण हळवी आहे हे सांगायला 'सेन्सिबल' लिहिलं. याहून मोठी यादी कुठे मिळेल? कृपया लवकर सांगा.

निवृत्त_मास्तर:
कुठली परीक्षा? कुठली पातळी? नणंद ब्राझीलची की पोर्तुगालची? यातलं काहीच सांगितलं नाहीत.

यादीवाला:
अँकी या उजळणीच्या ॲपवर कार्डं करा. पुढे शब्द, मागे अर्थ आणि एक वाक्य. मी जीआरई याच जोरावर काढली. रोज सकाळी उजळणी, एकही दिवस चुकवायचा नाही.

निवृत्त_मास्तर:
त्यांची नणंद पाठांतरात कमी नाही, हे वरच लिहिलंय. कार्डं कशाला?

यादीवाला:
कार्डावर वाक्य असतं, मास्तर. नुसतं पाठांतर नाही ते.

तेजोकाठची:
पोर्तुगालची. आम्ही लिस्बनला राहतो. केंब्रिजची सी वन ॲडव्हान्स्ड, म्हणजे वरच्या पातळीची इंग्रजीची परीक्षा.

पणजीकर:
ताई, ती यादी तिला सोपी जाणारच. ते शब्द तिच्या भाषेत आधीपासून आहेत: मेटिकुलोझू, तेनाश, एफेमरू, उबीकू. लॅटिनमधून दोन्हीकडे आलेले. आपल्याला घाम फोडणारे शब्द तिला फुकट मिळतात. ती अडणार ब्लंट, क्लम्झी, ब्लीक, फ्लिम्झी, श्रूड, वेअरी अशा आखूड शब्दांपाशी. ते जर्मॅनिक वळणाचे, पोर्तुगीजमध्ये त्यांना भावंड नाही. यादी करायचीच तर यांची करा.

दुसरी वही फसव्या जोड्यांची. तिचं 'सेन्सिव्हेल' म्हणजे हळवा, त्याला इंग्रजीत सेन्सिटिव्ह. सेन्सिबल म्हणजे समंजस. 'इश्किझितू' म्हणजे विचित्र, पण एक्सक्विझिट म्हणजे अप्रतिम. 'एदुकादू' म्हणजे सभ्य, एज्युकेटेड म्हणजे शिकलेला. 'कॉम्प्रीन्सिव्हू' समजून घेणारा, कॉम्प्रिहेन्सिव्ह सर्वसमावेशक. आणि पोर्तुगालमध्ये 'कॉन्श्तिपादू' म्हणजे सर्दी झालेला! इंग्रज डॉक्टरला कॉन्स्टिपेटेड सांगितलं तर तो पोटाचं औषध देईल. हे आधी शिकवाच.

कोकणकडा:
पणजीकर, आपल्याकडचे बटाटा, चावी, पगार, घमेलं हे पोर्तुगीजच ना? आणि फीत?

पणजीकर:
हो, सगळे. पाव आणि काजूसुद्धा.

स्वप्न_टोरोंटो:
कॅनडाच्या पीआरसाठी ही परीक्षा चालते का? की आयईएलटीएसच द्यावी लागेल?

निवृत्त_मास्तर:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

तेजोकाठची, आता मूळ दुखण्याकडे. पोर्तुगीज विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, म्हणून 'डिफरंट्स'. मराठीत चांगला-चांगली-चांगले होतं, पण सुंदर, लाल तसेच राहतात. इंग्रजीत सगळीच 'सुंदर'सारखी.

तेजोकाठची:
तिला मराठी येत नाही हो.

पणजीकर:
मग तिच्या भाषेतला 'सिंप्लिश' घ्या. माणूस साधा, घरं साधी, रूप एकच. इंग्रजीतलं प्रत्येक विशेषण 'सिंप्लिश'सारखं वागतं एवढंच सांगा, लगेच पटेल.

निवृत्त_मास्तर:
हे माझ्या उदाहरणाहून चांगलं. आता 'व्हेरी एक्झॉस्टेड'. एक्झॉस्टेडमध्येच टोक गाठलेलं आहे, त्याला ॲब्सोल्यूटली किंवा कम्प्लीटली लागतं. टायर्डला व्हेरी चालतं. जोड्या करून द्या: टायर्ड-एक्झॉस्टेड, कोल्ड-फ्रीझिंग, बिग-इनॉर्मस.

आणि परीक्षा काय मागते ते बघा. यूज ऑफ इंग्लिशच्या तिसऱ्या भागात मूळ शब्द दिलेला असतो, त्यातून योग्य रूप घडवून 8 रिकाम्या जागा भरायच्या. रिलाय दिला तर रिलायबल की अनरिलायबल, हे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचं. पहिल्या भागात शब्दांची सोबत कळावी लागते: बिटरली डिसअपॉइंटेड, हायली लाइकली. तुमची मोठी यादी इथे कामाची नाही.

यादीवाला:
सोबतीच्या जोड्याही कार्डावर घालता येतात.

निवृत्त_मास्तर:
हे मात्र मान्य.

स्वप्न_टोरोंटो:
मला मराठीतून पोर्तुगीज शिकायची आहे. ॲप सुचवा कोणीतरी.

तेजोकाठची:
मोठ्या यादीचा नाद सोडला. फसव्या जोड्यांची वही आजच सुरू करते. पण ते क्लम्झी, ब्लीक प्रकारचे शब्द तिला वाचनात कुठे भेटतील? इंग्रजी बातम्या ती रोज वाचते.

पणजीकर:
नुसत्या बातम्यांत कमी सापडतील. इंग्रजी वृत्तपत्रांतली चित्रपट आणि पुस्तक परीक्षणं द्या. कथानक फ्लिम्झी, शेवट ब्लीक, संवाद क्लम्झी, ही तिथली रोजची भाषा. एक परीक्षण वाचायचं, त्यातली विशेषणं घेऊन तिने पाहिलेल्या एखाद्या पोर्तुगीज सिनेमावर एक परिच्छेद लिहायचा, आणि तो तुम्ही तपासायचा.