प्रतिसाद: स्थापनेचं साल आणि नोंदणीचं साल

मंडळाच्या पाटीवरचं स्थापनेचं साल नोंदणीच्या सालाशी जुळत नाही, म्हणजे पाटी खोटी, असं म्हटलं गेलं आहे; पण तेवढ्यावरून पाटी खोटी ठरत नाही. गावोगावच्या तालमी आणि खो-खो मंडळं आधीपासून चालू होती. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आल्यावर त्यांतल्या अनेकांनी नोंदणी केली.

नोंदणीचा तपशील हवा असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा काढा. नोंदणी क्रमांक 'एफ'ने सुरू होत असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची नोंदणीही पाहा. उताऱ्यावरच्या विश्वस्तांच्या नावांवर मात्र विसंबू नका. विश्वस्त बदलले की बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, पण तो वर्षानुवर्षं राहून जातो आणि उताऱ्यावर दिवंगतांचीच नावं राहतात. कार्यकारिणीत कधी कोण होतं, हे मंडळाच्या इतिवृत्तावरूनच, म्हणजे सभांच्या नोंदींवरूनच, लावा. मैदानासाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढाच, तिथे फेरफाराची, म्हणजे जागेच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, तारीख मिळते.