बाबांचा सीआरपी 14 वरून 1.4, उतरला म्हणायचा का?

सातपूरची_लेक:
नमस्कार, बाबा 64 वर्षांचे, शुगरमुळे किडन्या गेल्या, सप्टेंबरपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडायचं ऑपरेशन) केलाय पण तो तयार व्हायचाय म्हणून अजून मानेतल्या नळीवरच चाललंय. मागच्या महिन्यात सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) 14 होता, काल दुसऱ्या लॅबमध्ये केला तर 1.4! आईने काळारामाला नारळ पण फोडला. पण रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असून एचबी 8.2 च्या वर जात नाही, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमीच, 3.1, आणि फेरिटिन (लोहाचा साठा) 900 म्हणजे लोह भरपूर ना, मग एचबी का चढत नाही? बाकी बरे आहेत, डायलिसिस लागलं की हुडहुडी भरते तेवढंच, पण सध्या नाशिकची थंडी आणि वर तिथला एसी.

निफाडवाला:
ताई आधी आकड्यापुढचं युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, आणि डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणजे 1.4 पुढे डेसिलिटर असेल तर ते जुनं 14 च. मी पण फसलोय, घरी पेढे वाटून झाले होते. तेव्हापासून एकच लॅब.

मशीनजवळचा:
डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. अंगात सूज असली (पायावरची नाही, आतली) की लिव्हर सीआरपी जास्त बनवतं आणि अल्ब्युमिन कमी, त्यामुळे नुसती अंडी खाऊन अल्ब्युमिन चढत नाही. त्याच सुजेत हेप्सिडिन (लोह अडवून धरणारं हार्मोन) वाढतं आणि लोह कोठीत कुलूपबंद, फेरिटिन 900 दिसतं पण रक्त बनवायला हाताशी काही नाही. टीसॅट (वापरायला हाताशी लोह किती ते दाखवणारी टेस्ट) केलाय का? आणि हीच सूज वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करते, त्यात फॉस्फरस वाढलेला असला की भिंतीत कॅल्शियम बसून रक्तवाहिन्या कडक होतात, आमच्या पेशंटना हार्टचा त्रास जास्त होतो त्याचं हे एक मोठं कारण. हार्टची रिस्क बघायला साध्या माणसात सीआरपी 3 च्या वर (लिटरच्या युनिटमध्ये) जास्त धरतात, पण 14 ला आधी सूज कुठून येतेय ते शोधायचं. हिरड्या, पायाची जखम, नळी.
पण हे सगळं नंतर. मानेत नळी आणि मशीन लागल्यावर हुडहुडी, ही थंडी नाही हो! नळीतलं इन्फेक्शन रक्तात जात असू शकतं, ताप नसला तरी. पुढच्या टर्नची वाट बघू नका, आत्ता सेंटरला कळवा, आणि घरात पडलेली अँटिबायोटिक देऊ नका, आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची टेस्ट) घेऊ द्या.

निफाडवाला:
+1. हुडहुडी वाचलीच नव्हती मी, सॉरी.

सातपूरची_लेक:
डेसिलिटरच आहे. सेंटरला फोन केला, लगेच घेऊन या म्हणाले, रिक्षा आलीये. आईला नारळाचं अजून सांगितलं नाही.