सकाळी हार्ड डिस्क गायब, रिस्टार्ट केलं की हजर

मंडळी, जरा मदत हवीय. घरी असेंबल्ड डेस्कटॉप आहे, जुनाच, १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि विंडोज पण तिच्यावरच. हल्ली सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' येतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) बघितलं तर डिस्कचं नावच नाही. कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबलं की कधी लगेच दिसते कधी नाही, पण एकदा सुरू झाला की दिवसभर कटकट नाही. दुकानवाला म्हणतो डिस्क गेली, भाचा म्हणतो विंडोज परत टाक. बायकोच्या क्लासच्या सगळ्या नोट्स त्यात आहेत हो.

खटपट्या: भाच्याला थांबवा आधी! बायोसलाच डिस्क दिसत नाही तिथे विंडोजचा काय संबंध. आता पीसी चालू असेल तर बंद करू नका, नोट्स आणि फोटो पहिले पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून ०५, सी५ (हे दोन डिस्कवरच्या खराब जागांचे) आणि सी७ या ओळींसमोर काय आकडे आहेत ते इथे लिहा. आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) मारू नका एवढ्यात, डिस्क खरंच आजारी असेल तर ते तासन्‌तास चालतं आणि उरलीसुरली पण जाते.

सोल्डरगन: थंड मशीनवर दिसत नाही आणि रिस्टार्टला दिसते, म्हणजे मला तरी पॉवरचा संशय येतो. डिस्कची मोटर थांबलेली असताना फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते, एकदा फिरली की त्याच्या बऱ्याच कमीत भागतं. रिस्टार्ट करताना ती फिरतच असते ना, म्हणून बायोसला लगेच सापडते. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे का? सकाळी चालू करताना डिस्कला हात लावून बघा, घरघर जाणवते का.

निवांत: मदरबोर्डचा सेल बदला, २०३२ नंबरचा, स्वस्त असतो. माझ्याकडे तेच निघालं.

सोल्डरगन: सेल गेला तर तारीख-वेळ मागे जाते आणि साटा मोड (डिस्क जोडणीची बायोसमधली सेटिंग) बदलून विंडोज निळा स्क्रीन देऊ शकतं, पण डिस्कचं नाव बायोसमध्ये सहसा दिसतंच. घड्याळ बरोबर असेल तर सेल नंतर बघू.

प्रश्नकर्ता: नोट्स काढून घेतल्या, धन्यवाद. घड्याळ बरोबर आहे. ०५ आणि सी५ समोर नुसते शून्य, सी७ समोर शेवटी १बी असं काहीतरी आहे. हात लावून बघितला, दिसत नाही तेव्हा डिस्क एकदम गार आणि गप्प. एसएमपीएस कॅबिनेटबरोबरचाच, आणि डिस्कला पॉवर मोलेक्सच्या (जुना चार पिनांचा प्लग) कन्व्हर्टरमधून दिलीय.

खटपट्या: ते आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) असतात, १बी म्हणजे २७. सी७ म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका, हा आकडा कधी कमी होत नाही, वाढतोय का तेवढं बघायचं. केबल बदलून टाका, पण डिस्क फिरतच नाही त्याला ती कारण नाही. ०५, सी५ शून्य म्हणजे निदान डिस्कच्या आतल्या तबकड्या तरी ठीक दिसतायत, दुकानवाल्याला घाई झालीय नवीन विकायची.

सोल्डरगन: तो कन्व्हर्टर काढा!! त्यातल्या पिना सैल होतात, काही तर वितळलेले बघितलेत मी. एसएमपीएसला थेट साटाची वायर असेल तर ती लावा. मीटर असेल तर चालू करताना पिवळ्या वायरवर व्होल्टेज बघा, ११.४ च्या खाली जाता कामा नये.

प्रश्नकर्ता: थेट वायर डीव्हीडी ड्राइव्हला लावलेली होती, ती काढून डिस्कला दिली. आज सकाळी पहिल्या झटक्यात चालू झाला. मीटर नाहीये माझ्याकडे. एसएमपीएस आत्ताच बदलू का?

सोल्डरगन: आठवडाभर रोज सकाळी बघा. परत गायब झाली तर कोणाचातरी चांगला एसएमपीएस लावून ट्राय करा, त्यावरही फिरली नाही तरच डिस्कचा विचार. डीव्हीडी लागतोय का तसाही?