शब्दचर्चा: टाऊनशिप, फायर कंपनी आणि बंब

प्रश्न

न्यू जर्सीतल्या एडिसनचा छोटा इतिहास मराठीत लिहायला घेतलाय. आईबाबा उन्हाळ्यात इथे येतात, रोज फिरायला जातात आणि प्रत्येक जुन्या इमारतीपाशी थांबून हे काय, ते काय विचारतात. त्यांच्या वयाच्या मंडळींना वाचता यावा एवढाच हेतू आहे. पण पहिल्याच वाक्यात अडले: "एडिसन ही एक टाऊनशिप आहे." बाबा म्हणाले, "म्हणजे बिल्डरने बांधलेली? क्लब हाऊस, स्विमिंग पूलवाली?"

दुसरी अडचण 'व्हॉलंटियर फायर कंपनी'ची. 'स्वयंसेवी अग्निशमन दल' असं लिहून पाहिलं, पण वाचताना एखादी सामाजिक संस्था वाटते. काय लिहावं?

प्रतिसाद १

ताई, टाऊनशिपचं भाषांतर करू नका. मूळ इंग्रजीतच या शब्दाची इतकी रूपं आहेत की एक मराठी शब्द सगळ्यांना पुरणार नाही. महाराष्ट्रात सरकारी कागदावर 'एकात्मिक नगर वसाहत' असते, तो गृहप्रकल्प. जमशेदपूरसारख्या ठिकाणी टाऊनशिप म्हणजे कारखान्याची वसाहत. दक्षिण आफ्रिकेत हाच शब्द वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या शहराबाहेर कृष्णवर्णीयांना जिथे राहायला लावलं, त्या वस्त्यांचा. अमेरिकेतही दोन अर्थ आहेत. 1785 च्या जमीन कायद्याने ओहायोपासून पश्चिमेकडची जमीन सहा मैल बाय सहा मैल अशा चौकोनांत मोजली, त्या प्रत्येक चौकोनाचं नाव टाऊनशिप. तो मोजणीदाराचा शब्द.

न्यू जर्सीतली टाऊनशिप मात्र कारभाराचा शब्द आहे. तिथे बरो, सिटी, टाऊन, टाऊनशिप आणि व्हिलेज असे स्थानिक संस्थांचे पाच प्रकार कायद्यात आहेत. 1798 च्या कायद्याने 104 टाऊनशिप एकदमच नोंदल्या गेल्या. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपालिका असतात तसं समजा, फरक एवढाच की तिथे लोकसंख्येवरून प्रकार ठरत नाही. 2020 च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या लाखाच्या वर होती, तरी ती टाऊनशिपच. तेव्हा 'टाऊनशिप' ठेवा आणि पहिल्यांदा आली की सांगून टाका: "टाऊनशिप, म्हणजे गावठाणं आणि वस्त्या मिळून झालेली, स्वतःचा कारभार पाहणारी एक हद्द."

प्रतिसाद २

'हद्द' हा शब्द अगदी नेमका बसलाय, कारण एडिसनचा सगळा इतिहास हद्दीचाच आहे. 1870 साली वुडब्रिज आणि पिस्कॅटवे यांच्या हद्दीतून तुकडे काढून रॅरिटन टाऊनशिप झाली. 1900 मध्ये तिच्या पोटातून मेट्युचेन बरो वेगळा झाला. आजही मेट्युचेनच्या चारी बाजूंना एडिसनच आहे, नकाशावर मेदूवड्याच्या भोकासारखा दिसतो. 1905 मध्ये हायलँड पार्क निघाला. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा 1876 पासून याच हद्दीत होती, पण टाऊनशिपने त्याचं नाव घेतलं ते थेट 1954 साली.

आणि इथेच तुमची फायर कंपनी येते. टाऊनशिपचं नाव बदललं, तरी तिथल्या व्हॉलंटियर फायर कंपनीचं 'रॅरिटन इंजिन कंपनी' हे नाव राहिलं. जुनं गाव त्या नावात शिल्लक आहे, म्हणून हे नाव भाषांतरात हरवू देऊ नका, जसंच्या तसं लिहा.

अडचण 'कंपनी'ची. मराठी वाचकाला वाटेल, आग विझवायची नळकांडी बनवणारा कारखाना. इथे कंपनी म्हणजे मंडळी, टोळी. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि घरातलं सामान भरून बाहेर काढायला पिशव्या तयार ठेवायच्या, असा करार होता. पगारी दल फार नंतरचं, सिनसिनाटीत 1853 साली. म्हणून मी 'तुकडी' म्हणेन. पंपाच्या गाडीवरची ती इंजिन तुकडी, शिडीच्या गाडीवरची ती शिडी तुकडी. 'दल' सगळ्यांना मिळून.

प्रतिसाद ३

तुकडी मान्य. 'स्वयंसेवी' मान्य नाही. 'स्वयंसेवी संस्था' इतकं रुळलंय की मन तिकडेच जातं. 'बिनपगारी' तर चुकूनही नको, 'बिनपगारी फुल अधिकारी' लगेच आठवतो आणि माणसाची किंमत जाते. नुसतं 'स्वयंसेवक' लिहिलं तर संमेलनात बिल्ला लावून पाणी देणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. ही माणसं पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात शिरतात, त्याआधी रीतसर प्रशिक्षण घेतात. आपल्याकडे अग्निशमन दलातल्या माणसाला जवान म्हणतात. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात दलाचे 66 जण गेले. आजही त्या दिवशी त्यांना मानवंदना देतात. तोच मान इथे द्यावा. 'स्वयंसेवक जवान' लिहा.

प्रश्नकर्ती

'स्वयंसेवक जवान' वाचून मला आमचे शेजारी आठवले. एका रात्री आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांच्या कमरेचा पेजर वाजला, ताटातली पोळी तशीच टाकून ते उठले. गाडीत काचेमागे निळा दिवा लावला आणि गेले. बाबांना वाटलं, मोठे साहेब असणार, कारण आपल्याकडे 2017 पर्यंत दिव्याची गाडी म्हणजे मंत्री असायचे. त्या निळ्या दिव्याने सिग्नल तोडायची मुभा मिळत नाही, समोरच्याने सौजन्य म्हणून वाट द्यायची एवढंच. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

आणखी एक शब्द अडलाय. शेजारच्या गावाची तुकडी आपल्या आगीला येते, आपली त्यांच्या आगीला जाते, त्याला 'म्युच्युअल एड' म्हणतात. 23 मार्च 1994 च्या रात्री एडिसनमध्ये गॅसची 36 इंची वाहिनी फुटली, तेव्हा आजूबाजूच्या गावांची दलं धावून आली होती. 'परस्पर साहाय्य' फार कोरडं वाटतं.

प्रतिसाद ४

सावड! आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, पैशाचा हिशोब नाही, माणसाला माणूस. इर्जिक नको, त्यात ज्याचं काम तो जेवू घालतो. मेट्युचेन आणि एडिसन यांची सावड आहे म्हणा, सांगलीच्या म्हाताऱ्यालाही एका वाक्यात कळेल.

आणि गाडीला 'अग्निशामक वाहन' नका म्हणू, 'बंब' म्हणा. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून आलेला शब्द. न्हाणीतला तांब्याचा बंबही तोच. पोर्तुगालमध्ये आग विझवणाऱ्याला 'बोंबेइरो' म्हणतात, आणि तिथलीही बहुतेक दलं स्वयंसेवकांचीच आहेत.

प्रश्नकर्ती

आता पहिला परिच्छेद असा झालाय: "एडिसन ही टाऊनशिप, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारी हद्द. तिचं जुनं नाव रॅरिटन. ते नाव रॅरिटन इंजिन कंपनी या स्वयंसेवक जवानांच्या तुकडीने जपलं. शेजारच्या गावांशी या तुकड्यांची सावड असे. एकीकडे आग लागली की दुसरीकडचा बंब निघे."

फायरहाऊसला 'अग्निशमन केंद्र' लिहिलं होतं. आईने ते खोडून वर 'बंबखाना' लिहिलंय. दवाखाना, तोफखाना, तसा बंबखाना. मी तेच ठेवतेय.